बाई, माझ्या आईला पाकीट का नाही? (निवडणूक सुधारणा वर्गात शिकवताना)



निवडणूक हा विषय आपण प्राथमिक वर्गात फार वरवर शिकवतो. अठरा वर्षं पूर्ण झाली की मत देता येतं, मत गुप्त असतं, बोटाला शाई लावतात. झाला पाठ. मीही बरीच वर्षं असाच उरकला. मग एका तिसरीतल्या मुलाने मला असा प्रश्न विचारला की मला परत अभ्यासाला बसावं लागलं. त्या अभ्यासातून हा लेख झाला आहे. थोडा लांबलाय, सांभाळून घ्या. पक्षांबद्दल यात काही लिहिलेलं नाही. आपल्या नोकरीच्या नियमात ते बसत नाही आणि विषयाला त्याची गरजही नाही.

गोष्ट नोव्हेंबर 2024 ची. दिवाळीची सुट्टी संपली होती, 20 तारखेला विधानसभेचं मतदान होतं. माझ्याकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग. दिवाळीनंतर आमच्या पटावर दरवर्षी नवी नावं येतात. वसईच्या पूर्वेला पारोळ-भाताण्याच्या पट्ट्यात वीटभट्ट्या आहेत. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबं सण झाला की भांडीकुंडी बांधून इकडे येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. मुलं अर्थातच बरोबर. शिक्षण हमी पत्रक असलं तर उत्तम, नसलं तरी आपण मुलाला बसवून घेतोच.

मी फळ्यावर मतदान केंद्राचं चित्र काढत होते. कोण कुठे बसतं, शाई कोण लावतं, बटण कुठे दाबायचं. मोखाड्याहून आलेल्या एका मुलाने विचारलं, "बाई, तुमी मत दिलं?"

म्हटलं, हो. माझी निवडणुकीची ड्यूटी दुसऱ्या मतदारसंघात लागली आहे, त्यामुळे मी माझ्या केंद्रावर जाऊ शकत नाही. म्हणून मला पाकिटातून मत देता येतं. प्रशिक्षणाच्या दिवशीच देऊन टाकलं.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझी आई पन कामालाच आलीय ना. मग तिला पाकीट का नाही?"

आपण शिक्षक अशा वेळी जे म्हणतो तेच मी म्हटलं. "विचारून सांगते हं."

बारा निवडणुकांचा हिशोब

निवडणूक सुधारणा म्हटलं की सध्या एकच विषय कानावर येतो, 'एक देश एक निवडणूक'. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या अध्यक्षतेखाली सप्टेंबर 2023 मध्ये समिती नेमली गेली आणि 14 मार्च 2024 ला तिने अहवाल दिला. 17 डिसेंबर 2024 ला लोकसभेत 129 वं घटनादुरुस्ती विधेयक मांडलं गेलं आणि ते संयुक्त संसदीय समितीकडे गेलं. कल्पना अगदी नवी नाही. 1951-52, 1957, 1962 आणि 1967 या चारही वेळा देशात लोकसभा आणि विधानसभा बहुतेक ठिकाणी बरोबरच झाल्या. पुढे काही विधानसभा मुदतीआधी बरखास्त झाल्या, लोकसभाही मुदतीआधी विसर्जित झाली आणि वेळापत्रक फाटलं ते फाटलंच. आपल्या महाराष्ट्रात 1999 ला दोन्ही निवडणुका परत एकत्र आल्या होत्या.

शिक्षक म्हणून ही कल्पना ऐकली की पहिल्यांदा बरंच वाटतं. खोटं कशाला बोला. साहित्य वाटप केंद्रावरची रांग, पेट्या घेऊन एसटीत बसणं, रात्री वर्गखोलीत बाकं जोडून झोपणं, पहाटे साडेपाचला अभिरूप मतदानाची पन्नास मतं, त्या चिठ्ठ्या मोजून काळ्या लिफाफ्यात सील करणं, मग सात ते सहा मतदान, आणि संध्याकाळी यंत्र जमा करायला पुन्हा रांग. हे एकदाच झालं तर कुणाला नको आहे?

पण मी एकदा वहीत हिशोब मांडला. आमच्या पालघर जिल्ह्यात 2014 पासून जानेवारी 2026 पर्यंत किती निवडणुका झाल्या? 2014 ला लोकसभा आणि विधानसभा. 2015 ला नव्या जिल्ह्याची पहिली जिल्हा परिषद, त्याच वर्षी वसई-विरार महापालिका. 2018 ला खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनामुळे 28 मे रोजी लोकसभेची पोटनिवडणूक. 2019 ला पुन्हा लोकसभा, विधानसभा. जानेवारी 2020 ला जिल्हा परिषद, ऑक्टोबर 2021 ला तिथल्या काही जागांची पोटनिवडणूक. 2024 ला 20 मे रोजी लोकसभा आणि बरोबर सहा महिन्यांनी 20 नोव्हेंबरला विधानसभा. आणि 15 जानेवारी 2026 ला महापालिका. मी वहीत धरलेल्या एवढ्याच, बारा. ग्रामपंचायती यात धरल्याच नाहीत.

आता लोकसभा आणि विधानसभा एकत्र केल्या तर या बारांतल्या किती कमी होतात? फक्त तीन. 2014, 2019 आणि 2024 ची प्रत्येकी एक. पोटनिवडणूक कमी होणार नाही, कारण माणसाचं निधन वेळापत्रक बघून होत नाही. स्थानिक निवडणुका शंभर दिवसांत उरकाव्यात असं समितीने सुचवलं आहे, पण मांडलेल्या विधेयकात स्थानिक संस्था नाहीत. म्हणजे बारावरून नऊ. शिवाय विधानसभा मध्येच बरखास्त झाली तर पुन्हा निवडणूक घ्यायचीच, मात्र ती उरलेल्या मुदतीपुरती.

आणि वसई-विरारच्या माणसाला एक गोष्ट जास्त टोचते. आमच्या महापालिकेच्या लोकप्रतिनिधींची मुदत जून 2020 ला संपली. निवडणूक झाली जानेवारी 2026 ला. मधली साडेपाच वर्षं प्रशासक. आधी करोना, मग ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा. कारणं खरी होती, पण राज्यघटना तर सांगते की महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक. 2020 ला पहिलीत आलेलं माझं मूल सहावीत गेलं तरी त्याच्या वॉर्डाला नगरसेवक नव्हता. त्यामुळे माझं मत असं की निवडणुका एकत्र करायच्या आधी त्या वेळेवर तरी होऊ द्या. एकत्र करण्यात वाईट काही नाही, पण पहिल्या नंबरची सुधारणा ती नव्हे.

मला लागलेलं उत्तर

आता पाकिटाकडे येते.

मे 2024 च्या लोकसभेला माझी ड्यूटी वसई विधानसभेबाहेर, पण पालघर लोकसभेच्या आतच लागली होती. तेव्हा मी मत पाकिटातून दिलं नव्हतं. मला निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळालं होतं, ज्याला आपण ईडीसी म्हणतो. नमुना 12-अ मध्ये आधी अर्ज केला. माझ्या घराजवळच्या केंद्रावरच्या यादीत माझ्या नावापुढे 'ईडीसी' अशी खूण झाली, म्हणजे तिथे माझ्या नावावर कुणी मत देऊ शकणार नाही. जिथे ड्यूटी होती तिथल्या यादीच्या शेवटी माझं नाव लिहिलं गेलं, प्रमाणपत्र जमा केलं, बोटाला शाई लागली आणि तिथल्याच यंत्रावर मी बटण दाबलं. उमेदवार तेच, कारण मतदारसंघ तोच.

हे आठवलं आणि नकाशा उघडला. पालघर लोकसभेत सहा विधानसभा आहेत. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई. जव्हार आणि मोखाडा हे तालुके विक्रमगड विधानसभेत येतात. म्हणजे त्या मुलाची आई मे महिन्यात वसईच्या भट्टीवर होती तेव्हा तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर जे यंत्र होतं, त्यावर तिच्या गावातल्या यंत्रावरचेच उमेदवार होते. तीच नावं, तीच चिन्हं. खासदार तिचाही तोच, माझाही तोच. मी परक्या केंद्रावर मत देऊ शकले, ती देऊ शकली नाही. फरक एका प्रमाणपत्राचा.

मी बऱ्याच जणांना विचारलं, की ही सोय हंगामी मजुरांना का देता येणार नाही? नवं यंत्र लागत नाही, नवं तंत्रज्ञान लागत नाही. पद्धत आधीच चालू आहे आणि ती आपण शिक्षकच चालवतो. फक्त नियमात 'निवडणूक कर्तव्यावर असलेला मतदार' याच्या जोडीला 'त्याच लोकसभा मतदारसंघात हंगामी कामावर असलेला मतदार' असं घालावं लागेल.

समोरून येणारे आक्षेपही लिहिते, कारण ते पोकळ नाहीत. पहिला: भट्टीमालक ट्रॅक्टरमध्ये बसवून सगळ्यांना नेईल आणि कुणाला द्यायचं ते सांगेल. शक्य आहे. उचल घेऊन आलेल्या माणसावर मालकाचं वजन असतंच. पण मत पडद्याआड पडतं आणि स्थानिक लोकांच्या शेकडो मतांत मिसळतं. दुसरा: हे लोक नाव इकडेच का लावून घेत नाहीत? नमुना 8 भरला की झालं. कागदावर सोपं आहे. पण घर तिकडे, रेशनकार्ड तिकडे, रोजगार हमीचं जॉबकार्ड तिकडे, ग्रामपंचायतीचं मत तिकडे. सहा-सात महिन्यांसाठी कुणी नाव हलवत नाही, आणि पुढच्या वर्षी भट्टी हीच असेल याचा भरवसा नसतो. तिसरा: मतदानाच्या दिवशी सुट्टी असते, गावी जाऊन यावं. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 135-ब प्रमाणे भरपगारी सुट्टी आहे हे खरं. पण वीट पाडणाऱ्याचा हिशोब हजार विटांमागे असतो. त्याला 'भरपगारी' हा शब्द लावायचा कसा? शिवाय सगळ्या कुटुंबाचं एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं.

विधानसभेला मात्र ही युक्ती चालणार नाही. वसईच्या यंत्रावर वसईचे उमेदवार, विक्रमगडच्या यंत्रावर विक्रमगडचे. त्यासाठी निवडणूक आयोगाने 29 डिसेंबर 2022 ला एक नमुना जाहीर केला होता, दूरस्थ मतदान यंत्राचा. एकाच केंद्रातून 72 मतदारसंघांचं मतदान होऊ शकेल असं ते यंत्र. कारण देताना आयोगाने सांगितलं होतं की 2019 ला मतदान 67.4 टक्के झालं, म्हणजे सुमारे 30 कोटी लोकांनी मत दिलं नाही, आणि त्यामागे स्थलांतर हे एक मोठं कारण आहे. 16 जानेवारी 2023 ला पक्षांना प्रात्यक्षिकासाठी बोलावलं. बऱ्याच पक्षांनी हरकती घेतल्या. स्थलांतरित नक्की कुणाला म्हणायचं, परराज्यात आचारसंहिता कशी पाळायची, त्या केंद्रावर प्रतिनिधी कसे बसवायचे? प्रश्न रास्त होते. पण उत्तरं शोधायचं सोडून विषयच बाजूला पडला. काश्मीरमधून विस्थापित झालेल्यांसाठी जम्मू आणि दिल्लीत खास केंद्रं असतात, सैनिकांना टपाली मत आहे, 2024 पासून 85 वर्षांवरच्या आजीआजोबांच्या घरी आपले कर्मचारी मतपेटी घेऊन जातात. म्हणजे केंद्र माणसाकडे नेता येतं, हे आपण मान्य केलेलं आहे.

डबा हलवा

दुसरी एक सुधारणा आहे जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ती मला शाळेच्या मंत्रिमंडळामुळे समजली.

आम्ही जूनअखेर किंवा जुलैत मंत्रिमंडळाची निवडणूक घेतो, तुम्हीही घेत असाल. एका वर्षी मला घाई होती म्हणून मी तीन रांगांना खडूचे तीन रिकामे डबे दिले आणि प्रत्येक डबा वेगळा मोजून आकडे फळ्यावर लिहिले. निकाल लागला. जो क्रीडामंत्री झाला त्याने पुढचा आठवडाभर खिडकीकडच्या रांगेला चेंडू दिला नाही. विचारलं तर म्हणाला, "बाई, त्या रांगेत मला दोनच मतं!"

गुप्त मतदान झालं होतं. कुणी कुणाची चिठ्ठी पाहिली नव्हती. तरी शिक्षा बरोबर पोचली, रांगेच्या नावाने.

आपल्या निवडणुकीतही हेच होतं. प्रत्येक यंत्र वेगळं मोजलं जातं आणि केंद्रवार आकडे नमुना 20 मध्ये जाहीर होतात. शहरात कुणाला फरक पडत नाही. पण एका पाड्याचं एक केंद्र असेल तर तो पाडा कुणाच्या बाजूने होता हे सगळ्यांना कळतं. मग नळपाणी योजना, रस्ता, समाजमंदिर यांची यादी करताना ते कुणाच्या तरी डोक्यात राहतं. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची सोय होती. यंत्रं आली आणि ती गेली. त्यावर आयोगाने 2008 मध्ये 'टोटलायझर' सुचवला. चौदा यंत्रं एकदम जोडायची आणि फक्त बेरीज दाखवायची. मार्च 2015 च्या 255 व्या अहवालात विधी आयोगानेही याची शिफारस केली. केंद्र सरकारला ती पटली नाही आणि ती तिथेच थांबली.

यातही एक गाठ आहे. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवून बघायला यंत्रवार आकडा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2019 च्या आदेशाप्रमाणे दर विधानसभा क्षेत्रात चिठ्ठ्या टाकून निवडलेली पाच केंद्रं अशी तपासतात. एप्रिल 2024 ला सगळ्याच चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी न्यायालयाने नाकारली. विश्वास हवा तर आकडा उघडा पाहिजे, गुप्तता हवी तर आकडा झाकला पाहिजे. मला वाटतं त्या पाच केंद्रांचीच पडताळणी वेगळी करून बाकीची यंत्रं चौदा-चौदाच्या गटाने मोजता येतील. त्या पाच पाड्यांचं मत उघडं पडेल, हे खरं. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तुम्हाला सुचलं तर नक्की लिहा.

वर्गात मात्र उत्तर सोपं होतं. पुढच्या वर्षीपासून एकच मोठा डबा, मोजण्याआधी हलवायचा. हलवण्यासाठी मुलांची भांडणं होतात, एवढाच त्रास.

यादी आणि आपण

मतदार यादीबद्दल थोडंच लिहिते, कारण आपल्यापैकी निम्मेजण बीएलओ आहेत आणि त्यांना मी काय सांगणार. नालासोपारा मतदारसंघात पाच लाखांहून जास्त मतदार आहेत. भाडेकरार अकरा महिन्यांचा, घर दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतं. एका गल्लीत साईकृपा, साईदर्शन आणि साईछाया. दाराला कुलूप, शेजारी म्हणतात "ते गेले", कुठे गेले ते माहीत नाही. जुन्या पत्त्यावरचं नाव निघत नाही, नव्यावर लागतं आणि मग दुबार नावांच्या बातम्या येतात. त्यातली किती लबाडी आणि किती नुसतं बिऱ्हाड हलवणं, हे दारोदार फिरल्याशिवाय कळत नाही.

आपल्या कामाबद्दल कायदा काय म्हणतो ते पालकांनाही माहीत असावं. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 27 नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक याशिवाय दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. म्हणजे निवडणुकीचं देता येतं. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2007 मध्ये असंही सांगितलं आहे की मतदार यादीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि शिकवण्याचे नसलेल्या दिवशी द्यावं. मतदानाचे दोन दिवस मला जड जात नाहीत, उलट अभिमान वाटतो. जड जातं ते यादीचं बारमाही काम, ज्यात जोडवर्ग एकमेकांच्या भरवशावर सोडून जावं लागतं. यादीसाठी वेगळा कायमचा माणूस असणं, ही माझ्या मते मोठी निवडणूक सुधारणा ठरेल आणि तिला घटनादुरुस्ती लागत नाही.

तो मुलगा गेल्या दिवाळीनंतर परत आला, आता चौथीत. मी त्याला ईडीसीची गोष्ट सांगितली. त्याला त्यात फारसा रस नव्हता. भिंतीवरची मंत्रिमंडळाची यादी वाचत म्हणाला, "हे कधी निवडलं?" जुलैत, म्हटलं. "मी नव्हतो," तो म्हणाला. यावर वर्ग पेटला. एक म्हणाला परत निवडणूक घ्या. दुसरी म्हणाली, दरवर्षी एक मंत्रिपद रिकामं ठेवू आणि दिवाळीनंतर भरू. तिसऱ्याचं म्हणणं, यांनी जूनमध्येच चिठ्ठी लिहून बाईंकडे ठेवावी. पण जूनमध्ये तो इथे नसतोच, हे कुणीतरी लक्षात आणून दिलं.

मग एकीने त्याला विचारलं, तुझ्या गावच्या शाळेत मंत्री नसतात का?

"असतात ना. मी पाणीमंत्री आहे."

"मग आता तिथे पाणी कोण बघतं?"

"उपमंत्री होता," तो म्हणाला, "पन तोबी इकडंच आलाय. पलीकडच्या भट्टीवर."